पाच जण, एक आभासी ओटी: टीमचा व्हीआर सराव कशासाठी आणि कसा करायचा

नमस्कार डॉक्टर. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. जिल्ह्याच्या गावातलं ५० खाटांचं रुग्णालय, दोन ओटी (शस्त्रक्रियागृहं), एक पूर्णवेळ भूलतज्ज्ञ, येऊन-जाऊन शस्त्रक्रिया करणारे सर्जन आणि सिस्टरांमध्ये दर वर्षी बरेच नवे चेहरे. एका कंपनीने प्रात्यक्षिक दाखवलं. चौघांनी व्हीआरचे, म्हणजे आभासी वास्तवाचे, हेडसेट घातले, चौघंही एकाच आभासी ओटीत उभे राहिले, एकमेकांशी बोलले, पोटात दुर्बीण घातली. सगळे भारावून गेले. आता विश्वस्त विचारताहेत की चार हेडसेट आणि वर्षभराचं सॉफ्टवेअर घेतलं तर आपली ओटीची टीम तयार होईल का.

मी भूलतज्ज्ञ आहे. बावीस वर्षं ओटीत उभी आहे. त्यातली शेवटची आठ वर्षं टीमच्या सरावाचं कामही करते, आधी मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) आणि गेली चार वर्षं हेडसेटवर. हेडसेटने टीम तयार व्हायला मदत नक्की होते. मात्र प्रात्यक्षिकात तुम्हाला जे सगळ्यात आवडलं, म्हणजे आभासी पोट, आभासी दुर्बीण आणि हातातली आभासी कात्री, त्याचा या कामात वाटा अगदी थोडा असतो.

व्हीआरची बाजू मांडताना २००२ सालचा येल विद्यापीठाचा अभ्यास बहुतेक वेळा पुढे केला जातो. त्यात १६ निवासी डॉक्टर होते. निम्म्यांनी आधी व्हीआरवर हात बसवला, मग सगळ्यांनी खऱ्या रुग्णात दुर्बिणीतून पित्ताशय यकृतापासून सोडवलं. व्हीआरवाल्यांना २९ टक्के कमी वेळ लागला. दुसऱ्या गटात पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतंच ऊतक भाजण्याची शक्यता पाचपट होती. अभ्यास उत्तम आहे, पण तो एकेकट्या सर्जनच्या हातांचा आहे. तुमचा प्रश्न पाच-सहा माणसांचा आहे, आणि तिथे गोष्टी वेगळ्याच ठिकाणी बिघडतात.

कुठे बिघडतात ते सांगायला मी नेहमी इंग्लंडमधली २००५ सालची घटना सांगते. एलेन ब्रोमिली ही ३७ वर्षांची धडधाकट बाई सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी आली. भूल दिल्यावर श्वासमार्ग हाती लागेना. अनुभवी डॉक्टर खोलीत होते आणि वीस मिनिटांहून जास्त वेळ ते नळी घालायचा प्रयत्न करत राहिले. एका सिस्टरने गळ्यातून श्वासमार्ग उघडायचा सेट आणून ठेवला आणि तसं सांगितलंही. दुसरीने आयसीयूत खाट राखून ठेवली, पण डॉक्टरांची प्रतिक्रिया बघून ती रद्द केली. काय करायला हवं ते खोलीतल्या काही जणांना कळलेलं होतं. सामान आलेलं होतं. ते शब्द योग्य माणसाच्या कानात शिरले नाहीत. १३ दिवसांनी ती गेली. तिचे पती मार्टिन ब्रोमिली व्यवसायाने वैमानिक. विमानसेवेत अशा गोष्टींचा सराव नेमाने होतो, मग रुग्णालयात का होत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे २००७ मध्ये त्यांनी याच कामासाठी इंग्लंडमध्ये एक गट उभा केला.

टीमच्या सरावाने मृत्यू कमी होतात का? याचं माझ्या मते सगळ्यात वजनदार उत्तर अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून आलं. तो अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ७४ रुग्णालयांत टीमचं प्रशिक्षण झालं, तिथे शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १८ टक्क्यांनी घटले. प्रशिक्षण न झालेल्या ३४ ठिकाणी ही घट ७ टक्के होती. त्यांनी काय केलं होतं? दोन महिने पूर्वतयारी, एक दिवस ओटी बंद ठेवून सर्जनपासून सिस्टरपर्यंत सगळ्यांचं एकत्र शिबिर, पुढे वर्षभर पाठपुरावा. एकही हेडसेट नव्हता. विश्वस्तांसमोर जाताना हा अभ्यास सोबत ठेवा, कारण खर्चाचा क्रम त्यावरून ठरतो. ओटी एक दिवस बंद ठेवायची तयारी नसेल, तर हेडसेटवरचा पैसा वाया जाईल.

मग मी हेडसेट का वापरते? काही प्रसंग चालत्या ओटीत घडवून बघताच येत नाहीत, म्हणून.

सगळ्यात चांगलं उदाहरण आगीचं. मानेवरची किंवा चेहऱ्यावरची छोटी शस्त्रक्रिया, रुग्ण जागा, नाकाशी ऑक्सिजन, वर ड्रेप (अंगावर पसरायचं निर्जंतुक कापड), सर्जनच्या हातात कॉटरी (विजेने ऊतक कापणारं-भाजणारं हत्यार). आगीला तीन गोष्टी लागतात आणि ओटीत त्या तिघांच्या ताब्यात असतात. ठिणगी सर्जनकडे, ऑक्सिजन माझ्याकडे, जळणारं सामान म्हणजे स्पिरिटयुक्त औषध आणि ड्रेप सिस्टरकडे. एकट्याला पूर्ण चित्र दिसत नाही. स्पिरिटचं औषध लावल्यावर कमीत कमी तीन मिनिटं वाळू द्यायचं, केस असतील तिथे त्याहून जास्त, हे सिस्टरला माहीत असतं. पण घाईत ड्रेप ओढणाऱ्या सर्जनला ‘सर, अजून ओलं आहे’ असं मोठ्याने म्हणणं हे निराळं कौशल्य आहे. आग लागल्यावर वायू बंद करणं, ड्रेप ओढून फेकणं, सलाइन ओतणं हे काही सेकंदांत आणि एकाच वेळी व्हावं लागतं. खऱ्या ओटीत आपण आग लावू शकत नाही. व्हीआरमध्ये लावता येते, आणि ड्रेपखालून धूर निघताना दिसला की माणसं खरंच दचकतात. ते दचकणं मला हवं असतं, कारण दचकलेल्या अवस्थेत कोण काय बोलतो तेच तपासायचं असतं.

दुसरं, मॅलिग्नंट हायपरथर्मिया, म्हणजे भुलेच्या काही औषधांनी अंगाचं तापमान झपाट्याने चढणारी जीवघेणी प्रतिक्रिया. हजारोंत एखादा, पण गाठला तर मिनिटं मोजावी लागतात. त्यावरचं औषध डँट्रोलिन, त्याचा पहिला डोस किलोमागे अडीच मिलिग्रॅम. जुन्या प्रकारच्या कुपीत २० मिलिग्रॅम असतं आणि प्रत्येक कुपी ६० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात घोळवावी लागते. ७० किलोच्या माणसाला नऊ कुप्या. भूलतज्ज्ञ ते करत बसला तर रुग्णाकडे कोण बघणार? दोन-तीन माणसं फक्त कुप्या घोळवायला बसवावी लागतात आणि ती नावं त्या क्षणी ठरवावी लागतात. हा सराव म्हणजे कामाच्या वाटणीचा सराव.

तिसरं, माणसं एका गावात नसणं. २०२२ मध्ये ब्राझीलमध्ये डोक्याने जोडलेल्या, जवळजवळ चार वर्षांच्या जुळ्या भावांना वेगळं केलं गेलं. काश्मीरमध्ये जन्मलेले लंडनचे न्यूरोसर्जन नूर उल ओवैस जीलानी आणि रिओ द जानेरोचे गॅब्रिएल मुफारेज यांच्या टीमनी मुलांच्या सीटी आणि एमआरआयवरून तयार केलेल्या प्रतिमांवर कित्येक महिने तालीम केली. दोन देशांतले सर्जन हेडसेट घालून एकाच आभासी खोलीत उभे राहायचे. एकूण सात शस्त्रक्रिया झाल्या, शेवटच्या दोनच ३३ तासांहून जास्त चालल्या, जवळपास शंभर माणसं राबली. आपल्याकडे अशी केस येणार नाही. पण तुमचे सर्जन शहरातून येतात आणि सिस्टरांशी त्यांची पहिली भेट स्क्रब करताना (शस्त्रक्रियेआधी हात धुताना) होते, ही अडचण त्याच जातीची आहे. आदल्या संध्याकाळी वीस मिनिटं एकत्र उभं राहता आलं तर फरक पडतो, हे मी पाहिलंय.

चौथं कारण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं आहे, आणि प्रात्यक्षिकात ते बहुधा तुम्हाला दाखवलंही नसेल. चांगल्या प्रणालीत झालेला प्रसंग दुसऱ्याच्या डोळ्यांतून पुन्हा बघता येतो.

यामागे एक अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढताना अचानक रक्त आलं. पडदा लाल झाला. सर्जन म्हणाले, “ओपन करू या, ते द्या लवकर.” म्हणजे दुर्बीण सोडून पोट उघडायचं. स्क्रब सिस्टरने, म्हणजे हत्यारं हातात देणाऱ्या सिस्टरने, सक्शन (रक्त ओढणारी नळी) पुढे केलं. सर्जन ओरडले, “ते नाही, ते!” ओपनचा ट्रे बाहेर कपाटात होता. फ्लोअरवर, म्हणजे सामान आणून द्यायला, दोन सिस्टर होत्या आणि दुसरी आणायला गेली असं दोघींनाही वाटलं. मी रक्त मागवा म्हणाले, पण कुणाला म्हणाले ते आज मलाही सांगता येणार नाही. रुग्ण वाचला. नंतर मात्र प्रत्येकाचं म्हणणं होतं, मी तर सांगितलं होतं.

पुढे हाच प्रसंग आम्ही व्हीआरवर उभा केला, वेगळ्या टीमबरोबर. संपल्यावर सर्जनला स्क्रब सिस्टरच्या नजरेतून तेवढा भाग दाखवला. “ते द्या” म्हटलं गेलं तेव्हा ती ट्रॉलीकडे वळून मॉप (रक्त टिपायची कापडं) मोजत होती. पडदा तिच्या पाठीमागे. रक्त तिला दिसलंच नव्हतं. ते सर्जन बराच वेळ गप्प होते आणि मग त्यांनी तिला विचारलं, “मी काय म्हणायला हवं होतं?” असा प्रश्न ओटीत विचारलेला मी क्वचितच ऐकलाय. तासभर व्याख्यान देऊनही तो मी त्यांच्याकडून काढू शकले नसते.

आपल्या ओटीतल्या बोलण्याबद्दल इथे सांगायलाच हवं. आपण सर्वनामांत बोलतो. “ते घे”, “हे जरा धर”, “अहो, ते मघाचं”. आणि खोलीत तीन सिस्टर असताना नुसतं “सिस्टर, अ‍ॅड्रिनालिन!” म्हणतो. तिघींनी ऐकलं की कुणीच जात नाही, नाहीतर तिघीही जातात. म्हणून माझ्या सरावात पहिला नियम असा: नाव घ्यायचं, वस्तूचं नाव घ्यायचं, आणि समोरच्याने ते परत म्हणायचं. “सुनीता, अ‍ॅड्रिनालिन एक अँप्यूल भरा.” “अ‍ॅड्रिनालिन एक अँप्यूल भरतेय.” “भरलं, सर.” ऐकायला कृत्रिम वाटतं. दहा-बारा वेळा केल्यावर जिभेवर बसतं.

इथे तांत्रिक सेटिंगचा एक मुद्दा येतो. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आभासी माणसाच्या डोक्यावर नावाची पाटी तरंगते. ती बंद करा. खऱ्या ओटीत सगळे टोपी-मास्कमध्ये असतात, पाटी नसते, आणि नवी सिस्टर कोण हे कळत नाही हीच तर अडचण आहे. तसंच मागचा आवाज चालू ठेवा: मॉनिटरची बीप, सक्शन, एसी, दाराची उघडझाप. शांत खोलीत सगळ्यांना सगळं ऐकू येतं आणि टीम उगाच हुशार वाटते.

आता न जमणाऱ्या गोष्टी. हातात वजन आणि ताण जाणवत नाही, त्यामुळे हत्यार तळहातावर नेमकं ठेवणं, टाका ओढणं, श्वासनळीत नळी घालणं हे व्हीआरवर शिकवू नका. छातीचे दाब तर मुळीच नाहीत. पाच ते सहा सेंटिमीटर खोली हवेत कशी कळणार? ते मॅनिकिनवरच. स्किल लॅब असलेलं वैद्यकीय महाविद्यालय जवळपास असेल तर त्यांना विचारा, दोन तासांसाठी जागा मिळू शकते.

जागा आणि जोडणीचंही बघावं लागतं. माणशी दोन बाय दोन मीटर मोकळी जागा हवी. सगळे एकाच हॉलमध्ये असतील तर समोरच्याचा खरा आवाज आणि हेडसेटमधला आवाज असे दोन आवाज मागेपुढे येतात आणि डोकं भणभणतं. त्यामुळे एकतर वेगवेगळ्या खोल्यांत बसवा, नाहीतर हेडसेटमधलं बोलणं बंद करा. दोन गावं जोडणार असाल तर आवाज पोहोचायला दीडशे मिलिसेकंदांहून जास्त लागू नयेत. त्यापुढे माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात, आणि मग टीम चुकली की इंटरनेट चुकलं हे सांगता येत नाही. ज्या वेळी सराव करणार त्याच वेळी जोडणी तपासा. काहींना मळमळतं. प्रसंग पंधरा मिनिटांच्या वर नेऊ नका, ज्याला त्रास होईल त्याला लगेच बाहेर काढा आणि त्याला लगोलग दुचाकीवर घरी जाऊ देऊ नका. हेडसेटखाली ओटीचीच टोपी घालायची, स्वच्छतेचा प्रश्न बराचसा तिथेच सुटतो.

भाषेकडे कंपन्या लक्ष देत नाहीत. तयार प्रसंग इंग्रजीत असतात, तिथला रुग्ण अमेरिकन उच्चारात बोलतो, कपाटं तिकडची असतात. आपली टीम ताणाखाली मराठीत बोलते, काही जण हिंदीत. रुग्णाचा आणि बाहेरच्या फोनचा आवाज सराव घेणाऱ्याला स्वतः देता येईल आणि क्रॅश कार्टमधले (आणीबाणीच्या औषधांच्या गाडीतले) कप्पे आपल्या कार्टसारखे लावता येतील, एवढं तरी सॉफ्टवेअरमध्ये हवंच. नसेल तर तुमच्या सिस्टर एका परक्या कपाटात अ‍ॅट्रोपिनसारखं औषध शोधायला शिकतील.

आतापर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर हातांचा सराव मॅनिकिनवर, बोलण्याचा सराव आधी खऱ्या ओटीत, आणि खऱ्या ओटीत घडवता येत नाही तेवढाच भाग हेडसेटवर.

कुणाला घ्यायचं यावर माझं मत ठाम आहे. ओटीतले मामा आणि मावशी यांना कुठल्याच प्रशिक्षणात बोलावलं जात नाही. पण रक्तपेढीतून पिशवी आणणारे मामा, सिलिंडर बदलणारे मामा, बाहेरून दुसऱ्या सर्जनला बोलावणारे मामाच असतात. हेडसेट चार आणि माणसं सहा असतील तर उरलेल्या दोघांनी मोठ्या पडद्यावर बघायचं, पण नुसतं बघायचं नाही. एकाने फक्त हे टिपायचं की किती सूचना नाव न घेता दिल्या गेल्या. दुसऱ्याने हे टिपायचं की पहिली शंका कुणी, कधी बोलून दाखवली आणि तिचं काय झालं.

आणि एकदा तरी भूमिका बदला. सर्जनला फ्लोअर सिस्टर करा. चार माणसं चार वस्तू एकदम मागताहेत, फोन वाजतोय, हातात मॉपची मोजणी आहे, हे स्वतः उभं राहून अनुभवलं की ओटीतला स्वर बदलतो. सिस्टरांसाठी एक वाक्य टीमने मिळून ठरवून घ्या. आमच्याकडे ते “सर, एक मिनिट थांबा, मला काळजी वाटतेय” असं आहे. हे वाक्य आलं की हात थांबवायचे, बोलणारी सिस्टर आजच रुजू झालेली असली तरी. पहिल्या सरावात ते वाक्य सर्जनने स्वतः मागून घ्यावं. ज्येष्ठ माणूस आधी चुकायला तयार झाला तरच बाकीचे तोंड उघडतात.

प्रसंग बारा मिनिटांचा असेल तर नंतरची चर्चा अर्धा तास. ही चर्चाच खरा धडा आहे, आणि ती घेणारा माणूस तयार करायला वेळ लागतो. “का नाही केलंस?” असं विचारलं की समोरचा बचावाला लागतो. “त्या क्षणी तुला काय दिसत होतं?” असं विचारा. चित्रफीत चर्चेनंतर पुसून टाका. एका ठिकाणी चित्रफिती व्यवस्थापनाने मागून घेतल्या आणि एका सिस्टरच्या वार्षिक मूल्यमापनात त्यांचा उल्लेख आला. त्यानंतर तिथे कुणी मोकळेपणाने सराव केला नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं, कारण त्या सिस्टरला मीच धीर देऊन पुढे आणलं होतं. तेव्हापासून चित्रफिती कुणालाही मिळणार नाहीत हे लेखी घेतल्याशिवाय मी सराव घेत नाही.

उपयोग झाला का, हे “आवडलं का?” या फॉर्मवरून ठरवू नका, हेडसेट सगळ्यांना आवडतो. खऱ्या ओटीत बघा. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ पासूनची १९ मुद्द्यांची सुरक्षा यादी तुमच्याकडे असेलच. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत, त्यात दिल्लीही होती, ती वापरल्यावर मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले होते. पण कागदावर आधीच खुणा करून ठेवलेली यादी मी असंख्य वेळा पाहिली आहे. महिन्यातून दहा शस्त्रक्रिया निवडून बघा की टाइम आउटला (छेद घेण्याआधी सगळ्यांनी थांबून खात्री करायच्या क्षणाला) सगळ्यांचे हात खरंच थांबले का आणि प्रत्येकाने आपलं नाव सांगितलं का. सरावाआधी आणि तीन महिन्यांनी तेच मोजा.

तुमच्याकडे घ्यावं की नाही, हे मला इथून सांगता येणार नाही. दोन गोष्टींवर ते ठरेल. आठवड्यातले तीन-चार तास यासाठीच देणारा एक माणूस, डॉक्टर किंवा ज्येष्ठ सिस्टर, तुमच्याकडे आहे का? आणि येऊन-जाऊन असणारे सर्जन महिन्यातून एकदा तरी हजर राहतील का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर आधी सहा आठवडे हेडसेटशिवाय, दिवसाच्या शस्त्रक्रियांची लिस्ट संपल्यावर शनिवारी दुपारी रिकाम्या ओटीत सराव करा. त्यात जे घडवता आलं नाही त्याची यादी करा आणि कंपनीला सांगा की आम्हाला एवढं करून दाखवा. आणि विकत घेण्याआधी तीन महिने भाड्याने मागा.

पहिल्या शनिवारी आगीचाच प्रसंग घ्या. धुराऐवजी लाल फडकं चालेल. टेबलावर सलाइनची उघडी बाटली आहे का, ऑक्सिजन बंद करायचं कोण म्हणतं आणि बंद झाल्याचं कोण सांगतं, एवढंच बघा. भूमिका वाटायला कागद घ्याल तेव्हा सगळ्यात वर मामांचं नाव लिहा. काय झालं ते कळवा, पुढचा प्रसंग आपण मिळून लिहू.